आधी नळी, मग गोळी

चि. बाळ्यास आत्याचे आशीर्वाद.

सोसायटीच्या कमिटीत तू निवडून आलास आणि पहिल्याच बैठकीत पोहण्याच्या तलावाचं खातं तुझ्या गळ्यात पडलं, असं वहिनी म्हणाली. बाकीच्यांनी पार्किंग आणि लिफ्ट आधीच पळवली असणार. असू दे. मोशी, वाकड, रहाटणी, चाकण, कुठेही जा, नव्या सोसायटीला उघड्यावरचा तलाव असतोच. माहितीपत्रकात तो निळा असतो आणि मे महिन्यात हिरवा. माझी सगळी नोकरी कंपनीच्या कूलिंग टॉवरच्या पाण्यात गेली. ज्या पावडरी तिथे पडायच्या त्याच आता तुझ्या तलावात पडतात, म्हणून हे लिहायला बसले. एका दमात वाचू नकोस. पंपरूमच्या दाराला आतून चिकटव आणि येता-जाता बघ.

एक गोष्ट आधीच सांगते. क्लोरीन संपला तर फोन कर, भोसरीतून कॅन येतो. पाणी तसं येत नाही. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी आहे आणि कमी पडेल ते टँकर-बोअरवर भागवायचं. आणि तलावात आपण एक वस्तू अशी टाकतो, जी पाणी ओतून दिल्याशिवाय निघत नाही. पुढचं सगळं या एका अडचणीभोवती फिरतं.

१. तलावाचं पोट किती ते मोज – लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घेऊन गुणाकार कर, त्याला हजाराने गुण, की लिटर आले. मी खाली सगळे आकडे लाख लिटरचे देते, तू तुझ्या मापाने कमी-जास्त कर.

२. पीपीएम म्हटलं की घाबरू नको – लाख लिटर पाण्यात १०० ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. एवढं पाठ कर, बाकी बेरीज-वजाबाकी आहे.

३. नुसता क्लोरीन उघड्यावर टिकत नाही – उन्हातले अतिनील किरण त्याला फोडतात, आणि एप्रिलच्या दुपारी तासाभरात निम्म्याहून जास्त गेलेला असतो. सकाळी टाकून दहाला कुलूप लावणाऱ्या पूलवाल्याने प्रत्यक्षात आभाळाला क्लोरीन दिलेला असतो.

४. म्हणून स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड – ते क्लोरीनला धरून ठेवतं, उन्हापासून राखतं आणि लागेल तसं सोडतं. ही युक्ती अमेरिकेत १९५० च्या दशकात निघाली आणि उन्हातल्या तलावांचं नशीब पालटलं.

५. ते ३० ते ५० पीपीएम ठेव, त्याहून जास्त नको – तिसाच्या खाली ऊन जिंकतं, पन्नासाच्या वर उन्हापासूनचा फायदा फारसा वाढत नाही आणि क्लोरीनचे हात मात्र बांधले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत १०० च्या वर जाऊ नये असं आहे, पण ती शेवटची हद्द आहे, राहायची जागा नव्हे.

६. आता ज्याच्यावर सगळं अडतं ते. तुझा पूलवाला जी पांढरी गोळी किंवा ‘नव्वद टक्के पावडर’ वापरतो, ती टीसीसीए, म्हणजे ट्रायक्लोर. तिच्या पोटात क्लोरीन आणि स्टॅबिलायझर दोन्ही असतात. क्लोरीन कामाला येतो आणि संपतो. स्टॅबिलायझर तसाच मागे राहतो. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं आहे हे: माल रोज संपतो, आकडा रोज चढतो, आणि वही कोणी उघडत नाही तोवर सगळे मजेत असतात.

वही आपण उघडू. लाख लिटरमध्ये एक किलो टीसीसीए टाकली तर क्लोरीन ९ पीपीएम मिळतो आणि स्टॅबिलायझर साडेपाच पीपीएम चढतो. उन्हाळ्यात असा तलाव दिवसाला पाव किलो सहज खातो. महिन्याचे साडेसात किलो, म्हणजे स्टॅबिलायझर चाळिसाच्या पुढे. मार्चच्या पहिल्या तारखेला तो तीस असेल तर मे संपताना दीडशे. आणि या तीन महिन्यांत कोणी काही चुकीचं केलेलं नसतं, बघ. रोज नियमाने पाव किलोच टाकलेली असते.

७. ‘शेकडा साडेसात’ लक्षात ठेव – मोकळा क्लोरीन हा स्टॅबिलायझरच्या निदान साडेसात टक्के हवा, असा जाणत्या तलाववाल्यांचा हिशेब आहे. चाळीसला ३ पीपीएम पुरतो, शंभरला साडेसात लागतो, दीडशेला अकराच्या वर; एवढा क्लोरीन सोसायटीच्या तलावात कोणी ठेवत नाही, म्हणून तो तलाव हिरवा होतो.

८. चाचणीच्या नळीतल्या ३ पीपीएमवर भाळू नको – स्टॅबिलायझरने धरलेला क्लोरीनही त्या चाचणीत ‘मोकळा’ म्हणूनच मोजला जातो. चाळीसच्या पाण्यातला ३ आणि दीडशेच्या पाण्यातला ३ दिसायला एक, कामाला वेगळे. पाण्यात क्लोरीन आणि स्टॅबिलायझर आपापसात कसं वाटून घेतात याचं गणित १९७४ मध्येच मांडलं गेलं, पण पूलवाल्याच्या किटच्या झाकणावर ते कोणी छापत नाही.

९. गोळीला शत्रू मानू नको मात्र – फेब्रुवारीत स्टॅबिलायझर कमी असतो तेव्हा गोळीनेच सुरुवात कर, एका खर्चात दोन्ही कामं होतात. तो चाळीसला पोचला की गोळी बंद, हायपो चालू.

१०. हायपो म्हणजे द्रव सोडियम हायपोक्लोराइट. तो स्टॅबिलायझर अजिबात वाढवत नाही. हिशेबही सोपा – दहा टक्क्यांचा १ लिटर हायपो लाख लिटरमध्ये १ पीपीएम देतो. उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर, म्हणजे ३५ लिटरचा कॅन साधारण पंधरवडा.

११. कॅन पंधरवड्यापुरतेच आण – हायपो उन्हाळ्यात नुसता बसून जोर गमावतो, आणि घाऊक स्वस्त म्हणून घेतलेल्या दहा कॅनांतले शेवटचे चार निम्म्या ताकदीचे निघतात. कॅनवर आल्याची तारीख खडूने नाही, मार्करने लिही.

१२. क्लोरीन संध्याकाळी, माणसं बाहेर पडल्यावर घाल आणि पंप चालू ठेव – दिवसा टाकलं ते उन्हाला, रात्री टाकलं ते पाण्याला.

१३. सुट्टं स्टॅबिलायझर घालायची वेळ आली तर ३० पीपीएमला ३ किलो – ते लवकर विरघळत नाही, म्हणून जुन्या मोज्यात भरून पाणी आत येतं त्या तोंडाशी टांग. माप वर यायला आठवडाही लागतो. दुसऱ्या दिवशी कमी दिसलं म्हणून आणखी तीन किलो घालणारे उत्साही लोक प्रत्येक कमिटीत असतात.

१४. गावाकडची टीसीएल पावडर तलावात नको – ग्रामपंचायत विहिरीला घालते ते ठीक, पण तिच्यात क्लोरीन जेमतेम तिसरा हिस्सा आणि बाकी चुना. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी आधीच जड, त्यात चुना म्हणजे पाणी दुधाळ आणि फरशीवर थर.

आता मोजण्याकडे ये. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं पोट यावरच भरलं.

१५. आधी नळी, मग गोळी – मोजल्याशिवाय टाकायचं नाही, अगदी ‘रोजचंच आहे हो दादा’ असं पूलवाला म्हणाला तरी. रोजचं असतं तर आभाळ, माणसं आणि धूळ रोज सारखी असती. चाकणच्या रस्त्यावर तरी ती सारखी नसते.

१६. ओटीच्या पिवळ्या थेंबांवर तलाव चालवू नको – आरोग्यसेवक पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही बघायला ओटी टेस्ट करतात, त्या कामाला ती चांगली. पण ती एकूण क्लोरीन दाखवते. मोकळा किती आणि घामाला चिकटून निकामी झालेला किती, ते कळायला डीपीडीचं किट लागतं.

१७. डीपीडीची एक नंबरची गोळी मोकळा क्लोरीन सांगते, तीन नंबर घातल्यावर एकूण – दोन्हींतला फरक म्हणजे अडकलेला क्लोरीन. तो ०.४ च्या वर गेला की त्या रात्री फरकाच्या दहापट क्लोरीन एकदम दे आणि सकाळी माप खाली आल्याशिवाय फाटक उघडू नको.

१८. ‘क्लोरीन फार झालाय, डोळे चुरचुरतात’ अशी तक्रार आली तर लगेच कमी करू नको, मोज – तो वास आणि ती चुरचुर बहुतेक वेळा अडकलेल्या क्लोरीनची असते, म्हणजे मोकळा कमी पडतोय. वास भारी, क्लोरीन भिकारी.

१९. नळी गुलाबी होऊन क्षणात पांढरी झाली तर ‘शून्य’ लिहू नको – क्लोरीन फारच जास्त असला की तो रंगच खाऊन टाकतो. तलावाचं पाणी साध्या पाण्यात मिसळून पातळ कर आणि पुन्हा बघ. या एका पांढऱ्या नळीपायी लोक आधीच भरलेल्या तलावात आणखी कॅन ओततात.

२०. स्टॅबिलायझरची नळी वेगळी असते: पाण्यात औषध घातलं की ते गढूळ होतं, आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईल तिथला आकडा वाचायचा. उजेडात, सूर्याकडे पाठ करून, नळी अंगाच्या सावलीत धरून बघ – ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली प्रत्येकाचा ठिपका वेगळ्या आकड्याला बुडतो.

२१. ठिपका शंभरच्या रेघेआधीच गेला तर ‘१००’ लिहून मोकळा होऊ नको – तलावाचं निम्मं आणि नळाचं निम्मं पाणी घेऊन पुन्हा कर आणि आकडा दुप्पट कर. शंभर लिहिलेले कित्येक तलाव खरे दोनशेचे असतात.

२२. नमुना कोपरभर खोलीवरून घे, आणि पाणी आत येतं त्या तोंडापासून लांब – वरचं पाणी उन्हाने धुतलेलं आणि तोंडाजवळचं नुकतंच औषध प्यायलेलं, दोघांचीही साक्ष खोटी.

२३. किटच्या बाटल्या पंपरूममध्ये ठेवू नको, वॉचमनच्या केबिनमधल्या कपाटात ठेव – उष्णता आणि क्लोरीनची वाफ दोन्ही त्यांना नासवतात. तारीख उलटलेलं औषध फुकट मिळालं तरी घेऊ नको.

२४. शंका आली की रात्रीची परीक्षा घे: सूर्य मावळल्यावर मोज, पंप चालू ठेव, पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा मोज. १ पीपीएमपेक्षा जास्त गेला तर पाण्यात शेवाळ किंवा मळ आहे – रात्री ऊन नसतं, मग खाल्ला कोणी?

२५. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेव – गोळी आंबट आहे, ती पीएच खाली ओढते आणि फरशांच्या सांध्यातलं ग्राउट, शिडीचं स्टील कुरतडते. बोअरचं पाणी तो वर ढकलतं. आपल्या पट्ट्यात दोघांची रस्सीखेच चालते, म्हणून गोळीवरून हायपोवर गेलास की पीएच चढताना दिसेल, त्याने दचकू नको.

२६. हिरवं पाणी म्हणजे मोरचूद कमी नव्हे, क्लोरीन कमी – मोरचूद शेवाळ रोखतं, पण जंतूंचा भरवसा देत नाही, फरशीला डाग पाडतं आणि पिकलेले केस हिरवे करतं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण तो गाळ ओढून काढताना पाणी जातं. ते टँकरच्या खात्यात मांड.

याच्या पुढचे पाच मंत्र पूलवाल्यालाही वाचून दाखव. त्याला वाचता येत असलं तरी.

२७. पीएच उतरवायचं ॲसिड आणि हायपो एका खोलीत नको – शेजारी नको, सोयरे तर नकोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या महापालिका तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्या माणसांना इस्पितळात न्यावं लागलं. तुझ्याकडे वायूचा सिलिंडर नाही म्हणून निर्धास्त राहू नको. हायपोच्या बादलीत ॲसिड पडलं की तोच वायू तुझ्या पंपरूममध्ये तयार होतो.

२८. दोन्ही कॅन एकाच रंगाचे, एकाच मापाचे येतात, म्हणून ॲसिडच्या कॅनला लाल पट्टा मार आणि हायपोच्या कॅनला हिरवा – डबा बोलका असावा, माणूस मुका चालेल. बदली माणूस रविवारीच येतो, आणि त्याला कोणी काही सांगितलेलं नसतं.

२९. वायूचा वास आला तर वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर जायचं, तळघराच्या पार्किंगमध्ये नाही – क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो उताराने तिकडेच जातो.

३०. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट या दोन पावडरी एकमेकांना लागू देऊ नको, एक चमचासुद्धा दोघांत फिरवू नको – ओलसर झाले की पेट घेतात, स्फोटही होतो. पावडरवर पाणी कधी ओतायचं नाही; बादलीत आधी पाणी, मग पावडर.

३१. पावडरची पोती जनरेटरच्या खोलीत ठेवू नको – तिथे डिझेल आणि तेलकट चिंध्या असतात, आणि क्लोरीनच्या पावडरीला तेलाचं वावडं आहे. इलेक्ट्रिक पॅनेलजवळही नको, तांब्याच्या तारा हिरव्या पडतात.

३२. गुरुवार लक्षात ठेव – दुरुस्तीसाठी वीज बहुधा त्याच दिवशी जाते, पंप थांबतो, आणि जाळीत ठेवलेली गोळी साचलेल्या पाण्यात आंबट अर्क काढत बसते. बुधवारी रात्री गोळी काढून घे; वीज आली की तो अर्क एकदम पाइपांतून आणि पोरांच्या तोंडाशी यायला नको.

३३. लहान मुलांचं डबकं वेगळं मोज – दहा हजार लिटरमध्ये २०० ग्रॅमची एकच गोळी पूर्ण विरघळली तर क्लोरीन १८ पीपीएम चढतो आणि स्टॅबिलायझर ११. मोठ्या तलावाची सवय छोट्याला लागू केली की तिथे पहिल्याच महिन्यात वही भरते.

३४. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ, हा नियम पाटीवर न ठेवता फाटकाशी उभं राहून पाळून घे – घाम, तेल आणि मुलांची शू हे क्लोरीनचं खरं गिऱ्हाईक. शिफ्ट सुटून थेट तलावावर येणाऱ्या मंडळींना प्रेमाने नळ दाखव, रागावू नको, दमलेली असतात.

३५. धुळवडीच्या दिवशी तलाव बंद म्हणजे बंद, आणि चावी तुझ्या खिशात – रंग खाऊन टाकायला क्लोरीनचे किती कॅन जातील याचा अंदाज मलाही देता येत नाही. अध्यक्षांचा मुलगा असला तरी चावी देऊ नको. तोच पहिला मागतो.

३६. पाण्यात कोणाला जुलाब झाला तर लाजून झाकू नको, तलाव रिकामा कर आणि दोन दिवस बंदची पाटी लाव – क्रिप्टो नावाचा एक जंतू साध्या क्लोरीनला दाद देत नाही. अमेरिकेच्या सीडीसीची रीत अशी: पीएच ७.५ किंवा कमी, क्लोरीन २० पीपीएम, पावणेतेरा तास. पण हे केव्हा, तर स्टॅबिलायझर अजिबात नसेल तेव्हा; तो १५ पर्यंत असेल तर वेळ याहून बराच जास्त लागतो. दीडशेचा तलाव असेल तर अशा वेळी पाणी काढण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही, आणि तो दिवस हमखास पाणी न येण्याचा असतो.

३७. उन्हाळ्यात पातळी रोज उतरते, आपण रोज भर घालतो, आणि वाटतं पाणी बदलतंय. नाही बदलत – पाणी उडतं, स्टॅबिलायझर बसतो. उलट बोअरच्या भरीने क्षार वाढतात.

३८. फिल्टर उलटा धुणं, म्हणजे बॅकवॉश, सवयीने नको, गेजवर दाब ८-१० पीएसआय वाढला की कर – पाणी थोडं जातंच, पण तेवढ्यापुरता स्टॅबिलायझरही जातो. हे पाणी तुळशीला किंवा लॉनला घालू नको. त्यातला क्लोरीन स्टॅबिलायझरने राखलेला असतो, लवकर मरत नाही.

३९. पाणी बदलायची पाळी आली तर आधी हिशेब कागदावर मांड: १२० वरून ४० वर यायला दोन तृतीयांश पाणी जातं. लाख लिटरमधले सदुसष्ट हजार, म्हणजे दहा हजारी टँकरच्या सात खेपा – हा कागद सर्वसाधारण सभेत वाचून दाखव, ‘गोळीच बरी, स्वस्त पडते’ म्हणणारे खाली बसतील. गोळी स्वस्त, टँकर महाग.

४०. त्या सात खेपा वाचवायच्या तर पावसाला कामाला लाव. मृग लागायच्या आत पातळी फूटभर उतरव आणि पावसालाच भरू दे – १२० सेंटिमीटर खोलीतून ३० सेंटिमीटर गेलं की स्टॅबिलायझरचा चौथा हिस्सा गेला, आणि आभाळातून येणाऱ्या पाण्यात तो शून्य असतो. उतरवलेल्या दिवसांत पंप हवा ओढणार नाही हे बघ. जाळीचं तोंड बंद करून तळाच्या तोंडाने चालव. पुढे जुलैत भरून वाहू लागलं तरी पंप चालू ठेव, नाहीतर वरचं पावसाचं पाणीच ओसंडून जातं आणि खालचं जुनं तसंच राहतं. गच्चीचं पाणी मात्र वळवून आणू नको, त्यात कबुतरांचा सगळा संसार येतो.

४१. भर पावसात तलाव पूर्ण रिकामा करू नको – जमिनीत पाणी भरलेलं असताना रिकामा हौद खालून उचलला जातो, फरशा फुटतात. मोठी दुरुस्ती फेब्रुवारीला ठेव.

४२. काढलेलं पाणी सोसायटीच्या एसटीपीत थेट सोडू नको – क्लोरीन तिथले कामाचे जंतू मारतो आणि मग आठवडाभर इमारत नाक धरून फिरते. नाल्यातही नको, पवना आणि इंद्रायणीवर आधीच पुरेसं ओझं आहे. आठवडाभर क्लोरीन न घालता तो शून्यावर येऊ दे, नळीत बघ, आणि मग ड्रेनेजला हळूहळू सोड.

४३. थंडीत तलाव बंद ठेवलास तरी वाऱ्यावर सोडू नको – पंप थोडा वेळ फिरव, क्लोरीन ठेव. डासांच्या अळ्या शोधत महापालिकेचं पथक येतं, तो दंड एक. दुसरं जास्त त्रासाचं: क्लोरीन संपलेल्या पाण्यात काही जीवाणू स्टॅबिलायझरवरच जगतात आणि त्याचा अमोनिया करतात, मग फेब्रुवारीत कॅनमागून कॅन ओततोस आणि नळी पांढरीच राहते. तसं झालं तर खचू नको, अमोनिया संपेपर्यंत ओतत राहणं हाच उपाय. फक्त तो गोळीने करू नको.

४४. मिठावर चालणारं क्लोरीनचं यंत्र असेल तर गोळीचा प्रश्नच नाही, पण स्टॅबिलायझर वेगळा घालावा लागतो. ते यंत्र विकणारा हे सांगायला विसरतो.

४५. रजिस्टरला पाच रकाने पुरे: तारीख, मोकळा, एकूण, पीएच, आणि पंधरवड्याने एकदा स्टॅबिलायझर. शेऱ्याचा रकाना ठेवू नको – त्यात सगळे ‘ठीक’ लिहितात.

४६. पूलवाल्याचा करार नव्याने होईल तेव्हा त्यात एक ओळ घाल: स्टॅबिलायझर ४० झाला की गोळी बंद आणि हायपो चालू, खर्चाचा फरक सोसायटीचा. ‘केमिकलसह’ करारात माणूस हाताळायला सोपं तेच आणणार. त्यात त्याचं काय चुकलं, करारात ओळच नव्हती. आणि पहिलं माप तुझ्यासमोर घ्यायला लाव. ते शंभरच्या वर निघालं तर मला फोन कर, पण टँकरवाल्याला आधी कर.